कुलूप आपल्या घरात लागतं, मग लिनक्सवाल्यांनी सुई आणायची कुठून?

माझी मावसबहीण साताऱ्यात वकिली करते. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला, तेव्हा ताईचा लॅपटॉप धडधाकट होता. फक्त विंडोज ११च्या अटींत तो बसत नव्हता. चालतं यंत्र टाकून नवं घ्यायला ती तयार नव्हती. दिवाळीत मी तिच्याकडे गेलो होतो, फराळाचं ताट पुढ्यात असतानाच त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम चढवली. लिबर ऑफिस, इनस्क्रिप्ट कीबोर्ड, स्कॅनर, प्रिंटर, सगळं दीड तासात मार्गी लागलं. प्रिंटर तर पहिल्याच झटक्यात लागला. एरवी प्रिंटरचं आणि माझं जमत नाही, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो. मग चष्मा कपाळावर सरकवत ताईने विचारलं, "सगळं छान आहे रे, पण माझं ते कुलपाचं फोल्डर कुठाय?"

कुलपाचं फोल्डर म्हणजे तिने वर्षाची वर्गणी भरून घेतलेली, एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेली क्लाउड साठवण. पक्षकारांची खरेदीखतं, आजारपणाचे कागद, घटस्फोटाच्या कैफियती, असलं काही साध्या क्लाउडवर ठेवायला तिचं मन धजत नव्हतं. कंपनीच्या साइटवर गेलो. विंडोजचं ॲप होतं, मॅकचं होतं, ॲन्ड्रॉइड आणि आयफोनचं होतं. लिनक्ससमोर एकच ओळ होती: ब्राउझर वापरा.

"मग वापरू ब्राउझर," ताई म्हणाली. तिचं चुकत नव्हतं. पण ते पुरत का नाही हे समजावता समजावता चिवडा संपला. तेच इथे जरा ऐसपैस मांडतो.

आपण गिरणीत दळण देतो तेव्हा गिरणीवाला डबा उघडतोच. उघडल्याशिवाय दळणार कसा? ज्वारी आहे की बाजरी, किडकी आहे की निवडलेली, हे त्याला कळतं. तो सज्जन असतो, कुणाला सांगत नाही, ही वेगळी गोष्ट. नेहमीचा क्लाउड हा असा गिरणीवाला आहे. तुमची फाइल वाटेत आणि त्याच्या गोदामात कुलूपबंद असते हे खरं, पण किल्ली त्याच्याकडे असते. म्हणून तर तो फोटोंतले चेहरे ओळखतो, पीडीएफमधला शब्द शोधून देतो, पासवर्ड विसरलात तर नवा करून देतो. या सोयी खऱ्या आहेत, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण २०२२मध्ये अमेरिकेत उजेडात आलेलं एक प्रकरण आठवा: आजारी मुलाचे फोटो डॉक्टरांना दाखवण्यासाठी वडिलांनी फोनवर काढले, ते आपोआप गूगलच्या क्लाउडवर गेले, तिथल्या तपासणीने ते लैंगिक शोषणाचे ठरवले आणि त्या माणसाचं अख्खं खातं बंद झालं. पोलिसांनी त्याला निर्दोष ठरवलं तरी खातं परत मिळालं नाही. तपासणीमागचा हेतू चांगलाच होता. मुद्दा एवढाच की गिरणीवाल्याला डब्यातलं दिसतं.

आता एसटीचं पार्सल घ्या. गोणपाटात घालून, सुतळीने शिवून तुम्ही ते स्टँडवर देता. किती किलो, कुठून कुठे, कोणत्या तारखेला, एवढं एसटीला कळतं. आत लोणचं आहे की पुस्तकं, हे कळत नाही. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन ते हेच. पावतीवरचं मात्र कळतंच, हे विसरू नये. स्वित्झर्लंडच्या प्रोटॉन कंपनीला २०२१मध्ये सरकारी आदेशावरून एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा ठावठिकाणा, नोंदवून द्यावा लागला. त्याच्या मेलमधला मजकूर कंपनीला स्वतःलाच वाचता येत नव्हता, त्यामुळे तो देण्याचा प्रश्नच आला नाही. पावती गेली, पार्सल शिवलेलंच राहिलं.

इथे कळीचा प्रश्न येतो. गोणपाट शिवतं कोण? एसटी नाही. तुम्ही, तुमच्या घरी, स्टँडवर जायच्या आधी. म्हणजे सुई-दोरा तुमच्या घरी पाहिजे.

सुई-दोरा म्हणजे ॲप.

साध्या क्लाउडचं लिनक्स ॲप नसलं तर ती गैरसोय असते, आणि तिच्यावर उपाय निघतो. गूगल ड्राइव्ह २०१२च्या एप्रिलमध्ये आलं तेव्हा लिनक्सचं ॲपही येईल असं सांगितलं गेलं होतं. ते आजतागायत आलेलं नाही. तरी लिनक्सवाल्यांचं फारसं अडलं नाही. इनसिंकसारखं विकतचं सॉफ्टवेअर आलं, आर-क्लोन नावाचं फुकटचं आलं, वनड्राइव्हसाठीही कुणीतरी हौसेने लिहिलेला प्रोग्राम आहे. हे शक्य झालं कारण बाहेरच्या माणसाला सर्व्हरच्या दारापर्यंत डबा नेऊन द्यायचा असतो, बाकीचं सर्व्हर बघतो.

कुलपाच्या क्लाउडमध्ये सर्व्हर जवळजवळ हमाल असतो. सगळी अक्कल तुमच्या कॉम्प्युटरवरच्या ॲपमध्ये. प्रोटॉन ड्राइव्हचंच बघा: फाइलचे ४ एमबीचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकडा वेगळा कुलूपबंद होतो, त्यावर सही होते. फाइलची किल्ली फोल्डरच्या किल्लीने बंद, ती वरच्या फोल्डरच्या किल्लीने बंद, असं करत करत शेवटची किल्ली तुमच्या पासवर्डने बंद. जुडग्यात जुडगा. बाहेरच्या माणसाने हे सगळं हुबेहूब उभं करायचं, आणि कुठे एका बाइटची चूक झाली तर तुमची फाइल तुम्हालाच कधी उघडता येणार नाही.

प्रोटॉन ड्राइव्ह २०२२च्या सप्टेंबरमध्ये बीटातून, म्हणजे चाचणीच्या अवस्थेतून, बाहेर आलं. विंडोजचं ॲप २०२३च्या जुलैत आलं, मॅकचं नोव्हेंबरात. लिनक्सवाले पुढची दोन वर्षं तिष्ठत राहिले. (याच नावाची, लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणारी एक गोष्ट व्हॉल्व्ह कंपनीने २०१८मध्ये काढली आहे, त्यामुळे "प्रोटॉन लिनक्स" शोधलं की गेमच समोर येतात. जखमेवर मीठ.) आर-क्लोनमध्ये २०२३ साली प्रोटॉन ड्राइव्हची सोय झाली खरी, पण कशी? कंपनीने आपला सर्व्हर कसा बोलतो याचे कागद जाहीर केलेले नव्हते. म्हणून कंपनीच्याच ॲपचा खुला कोड वाचून आणि ब्राउझर सर्व्हरशी काय बोलतो ते न्याहाळून ती सोय लिहावी लागली, आणि आर-क्लोनची माहितीपुस्तिका हे सरळ कबूल करते. कोड खुला होता म्हणून निदान एवढं तरी जमलं. पण ही पाहुण्याने केलेली डागडुजी आहे. घरमालकाने उद्या भिंत सरकवली तर पाहुण्याला निरोप जाईलच असं नाही.

ॲपलचं उदाहरण तर गमतीशीर आहे. आयक्लाउडमध्ये २०२२च्या डिसेंबरात एक पर्याय आला. तो चालू केला की फोटो, नोंदी, बॅकअप हे सगळं एंड-टू-एंड कुलपात जातं. पण त्याबरोबरच आयक्लाउडचं वेबवरचं दारही आपोआप बंद होतं. पुन्हा उघडायचं तर आपल्या ॲपलच्या उपकरणावरून परवानगी द्यावी लागते. लिनक्सवाल्याकडे तर ते वेबचं दार सोडून दुसरं दारच नव्हतं. ॲपलने ते बंद केलं याचं कारण मात्र बरोबर आहे, आणि तेच आता बघायचं आहे.

ब्राउझर का पुरत नाही, याची दोन उत्तरं आहेत. पहिलं रोजच्या वापरातलं आहे. ताई फाइल उघडते, दोन ओळी बदलते, सेव्ह करते आणि कोर्टात पळते. ब्राउझरमध्ये तिला फाइल उतरवून घ्यावी लागेल, बदलावी लागेल, परत चढवावी लागेल, जुनी पुसावी लागेल. आठ दिवसांत "लेखी युक्तिवाद अंतिम", "लेखी युक्तिवाद अंतिम २", "लेखी युक्तिवाद खरंच अंतिम" अशी पलटण उभी राहते. शिवाय उतरवलेली प्रत डाउनलोड्समध्ये उघडीवाघडी पडून राहते, ती वेगळीच. आणि ज्या कॉम्प्युटरला पडदाच नाही, म्हणजे घरातला छोटा सर्व्हर किंवा रात्री दीडला बॅकअप घेणारी पेटी, तिथे ब्राउझर उघडणार कोण?

दुसरं उत्तर विश्वासाचं आहे. ब्राउझरमध्ये कुलूप लावणारा कोड प्रत्येक भेटीत सर्व्हरकडून नव्याने येतो. म्हणजे ज्याच्यापासून लपवायचं, त्याच्याचकडून दर वेळी सुई मागून आणायची. आज दिलेली सुई चांगली आहे, पण उद्या कोर्टाच्या हुकमाने किंवा चोराने सर्व्हर ताब्यात घेतल्यामुळे तुम्हाला एकट्यालाच छिद्रं पाडणारी सुई दिली, तर शेजाऱ्याला पत्ता लागणार नाही आणि तुम्हालाही नाही. ही नुसती कल्पना आहे असं समजू नका. कॅनडाची हशमेल ही कुलपाची मेलसेवा होती. तिच्या सोप्या वेब पद्धतीत पासवर्ड क्षणभर सर्व्हरवर येत असे, आणि २००७मध्ये उघड झालं की कोर्टाच्या आदेशानंतर कंपनीने काही खात्यांचे मेल उघडून दिले होते. तुमच्या कॉम्प्युटरवर बसवलेल्या ॲपचं तसं नसतं. त्याची एक ठरावीक आवृत्ती असते, तिच्यावर सही असते, हजारो लोकांकडे तीच असते, कोड खुला असेल तर कुणी ना कुणी ती चाचपून पाहिलेली असते. एकट्याला फसवणं अवघड होतं. अशक्य नव्हे, पण अवघड.

म्हणून माझं म्हणणं असं की लिनक्सवाल्याला ब्राउझरकडे पाठवणं म्हणजे त्याला त्याच वर्गणीत हलक्या प्रतीचं कुलूप देणं. त्यात गंमत अशी की खाजगीपणाची चाड म्हणून लिनक्सकडे आलेली माणसं हीच या कंपन्यांची पहिली गिऱ्हाइकं असतात. मित्रमंडळींना सांगून वर्गण्या भरायला लावणारीही हीच.

मग कंपन्या ॲप काढत का नाहीत? आळशीपणा म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण अडचणी खऱ्या आहेत. डेस्कटॉपवरचा लिनक्सचा वाटा स्टॅटकाउंटरच्या मोजणीत २०२४च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा ४ टक्क्यांच्या वर गेला. त्या चार टक्क्यांतही लिनक्सचे पंथ: उबुंटूवाले वेगळे, फेडोरावाले वेगळे, आर्चवाले तर फारच वेगळे. ॲप कुठल्या वेष्टणात द्यायचं, डेबमध्ये, आरपीएममध्ये, फ्लॅटपॅकमध्ये की स्नॅपमध्ये, यावरच आमच्यात भांडणं. घड्याळाशेजारी छोटं चिन्ह दाखवावं म्हटलं तर लिनक्सच्या नोम या डेस्कटॉपने ती जागाच काढून टाकलेली. पासवर्ड जपून ठेवायला कुठे नोमची तिजोरी, कुठे केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपची, आणि पडदा नसलेल्या सर्व्हरवर कुठलीच नाही.

याहून मोठी अडचण पोकळ फाइलींची आहे. तुमच्याकडे क्लाउडवर ५०० जीबी आहे आणि लॅपटॉपची डिस्क २५६ जीबीची. तरी फोल्डरमध्ये सगळ्या फाइली दिसतात, आणि टिचकी मारली की ती फाइल तेवढ्यापुरती खाली येते. ही सोय विंडोजने २०१७पासून स्वतःच्या पोटातच दिली आहे, ॲपलनेही मॅकवर दिली. क्लाउडवाल्याने फक्त त्या खोबणीत आपलं ॲप बसवायचं. लिनक्समध्ये अशी तयार खोबण नाही. फ्यूज नावाची जुनी, भरवशाची यंत्रणा २००५पासून कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आहे. तिच्यावर हे उभं करता येतं, पण ते बांधकाम ज्याचं त्याने करायचं. विंडोजचं ॲप उचलून लिनक्सवर ठेवलं असं होत नाही, अर्धं नव्याने लिहावं लागतं.

फोल्डरवर नजर ठेवणं हे आणखी एक. फाइल बदलली हे ॲपला कळावं म्हणून लिनक्समध्ये आयनोटिफाय आहे. ते एकेका फोल्डरला एकेक पहारेकरी मागतं, आणि बरीच वर्षं पहारेकऱ्यांची ठरावीक संख्या होती ८१९२. ताईचे वीस वर्षांतले दीड हजार दावे, प्रत्येकात वकीलपत्र, कैफियत, पुरावे, अर्ज, निकाल, इतर अशी सहा फोल्डरं. झाले नऊ हजार, आणि दाव्यांची स्वतःची दीड हजार धरली तर साडेदहा हजार. म्हणजे उरलेल्या दोन हजारांहून जास्त फोल्डरांवर पहाराच नाही, आणि ॲप धड लिहिलेलं नसेल तर ते सांगतही नाही. २०२१पासूनच्या कर्नेलमध्ये ही संख्या मेमरी बघून आपोआप वाढते, पण ॲप लिहिणाऱ्याला जुन्या मशीनचाही विचार करावा लागतो.

या सगळ्यात मला सगळ्यात मजा वाटते ती नावांची. विंडोजवर लहान लिपी आणि मोठी लिपी यांत फरक धरत नाहीत, लिनक्स धरतं. इंग्रजी नावांचा त्यात नेहमी घोळ होतो. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही, म्हणून आपण सुटलो असं मला वाटायचं. ताईच्या लॅपटॉपवर तो गैरसमज गेला.

सामाईक जिन्याचा एक दावा आहे. त्याच्या फोल्डरमध्ये ताईने "पायऱ्या" नावाचं फोल्डर केलं होतं, त्यात नऊ फोटो. तिच्या ज्युनियरने त्याच्या मॅकवर तसंच फोल्डर करून, झिप करून मेलने पाठवलं, त्यात चौदा. ताईने ते त्याच जागी उघडलं. विचारणा झाली नाही, "आधीच आहे" असं काही आलं नाही. शेजारी शेजारी दोन "पायऱ्या" उभ्या राहिल्या. अक्षर न् अक्षर सारखं. ताईने मला फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं, "ही जुळी कुठून आली?"

दोष आपल्या पायरीतल्या "ऱ"चा. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरसंकेतात, हे अक्षर दोन तऱ्हांनी लिहिता येतं: एकसंध "ऱ" म्हणून, किंवा साधा "र" आणि त्याखाली वेगळा नुक्ता असं. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात. एकसंध "ऱ" तीन बाइटांचा, फोडलेला सहा बाइटांचा. मॅक नावं बरेचदा फोडून ठेवतो, पण दोन्ही एकच मानतो. लिनक्सची एक्स्ट-४ फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, अर्थ बघत नाही, बाइट बघते; बाइट वेगळे, म्हणजे फोल्डर वेगळं. विंडोजवरही दोन दिसली असती, उगाच लिनक्सलाच बोल लावायला नको. (काही कीबोर्ड "र्" पुढे न दिसणारा जोडचिन्हाचा ठिपका टाकून तिसऱ्याच तऱ्हेने हे लिहितात. त्याला तर मॅकही ओळखत नाही.) दऱ्या, सुऱ्या, नवऱ्याचा पगार, कचऱ्याचा ठेका: मराठीत हा "ऱ" पावलोपावली आहे.

साधा क्लाउड असता तर सर्व्हरला नावं दिसली असती, तो म्हणू शकला असता की बाई, ही दोन एकच आहेत. कुलपाच्या क्लाउडमध्ये फाइलीचं नावही कुलपात असतं. सर्व्हरला दिसतात दोन अगम्य अक्षरमाळा. सारख्या दिसणाऱ्या नावांचा निवाडा कुलूप लावायच्या आधी, तुमच्या मशीनवरच व्हायला हवा, आणि विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर एकाच नियमाने व्हायला हवा. प्रत्येक पाहुण्याने आपापल्या समजुतीने ॲप लिहिलं तर एका ॲपने केलेली "पायऱ्या" दुसऱ्याला परकी वाटेल.

नावाच्या लांबीचंही तसंच. एक्स्ट-४मध्ये नाव २५५ बाइटांपर्यंत जातं. इंग्रजीत ती २५५ अक्षरं. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. "महाराष्ट्र" या एका शब्दाचे दहा घटक, तीस बाइट. नाव कुलूपबंद केलं की ते आणखी फुगतं, म्हणून ई-क्रिप्ट-एफएस या लिनक्सच्या जुन्या कुलपात मूळ नावाला १४३ बाइटच उरतात. म्हणजे मराठीचे ४७ घटक. वकिलांच्या फाइलींची नावं कशी असतात हे ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. चाचणी फक्त इंग्रजी नावांवर घेणाऱ्या कंपनीला हे कधी दिसणारही नाही.

ई-क्रिप्ट-एफएसचं नाव निघालंच आहे तर ड्रॉपबॉक्सचा किस्सा सांगतो. ड्रॉपबॉक्सचं लिनक्स ॲप पहिल्यापासून होतं आणि चांगलं होतं. २०१८च्या ऑगस्टमध्ये त्यांनी कळवलं की ७ नोव्हेंबरनंतर लिनक्सवर फक्त एक्स्ट-४ चालेल, बाकी फाइल सिस्टिमवर सिंक बंद. ज्यांनी आपलं होम फोल्डर ई-क्रिप्ट-एफएसच्या कुलपात ठेवलं होतं त्यांना अर्थ एवढाच कळला: घरचं कुलूप काढा, नाहीतर क्लाउड सोडा. बराच आरडाओरडा झाला. २०१९च्या जुलैत ई-क्रिप्ट-एफएससह चार फाइल सिस्टिमची सोय परत आली, पण तोवर माझ्यासारखे अनेक जण सामान उचलून निघून गेले होते. एकदा ॲप मिळालं की झालं असं नसतं, ते टिकावंही लागतं.

या सगळ्या अडचणी मान्य केल्या तर मागायचं तरी काय? माझं मत लिनक्सवाल्या काही मित्रांना आवडत नाही. ते म्हणतात, विंडोजसारखं चकचकीत ॲप पाहिजे. मी म्हणतो, खिडकी राहू दे, आधी सुई द्या. पडद्याविना चालणारं, हुकूम लिहून चालवायचं एक साधं साधन, कोड खुला असलेलं. आणि सर्व्हरशी कसं बोलायचं, किल्ल्यांचं जुडगं कसं बांधायचं, नावं कुठल्या रूपात आणायची, याचे जाहीर कागद. एवढं दिलं की चिन्ह कुठे दाखवायचं आणि डेब की फ्लॅटपॅक, ही भांडणं आमची आम्ही निस्तरू. ते काम लिनक्सच्या जगात हौसेने होतं. कुलपाचा गाभा मात्र हौसेवर सोडता येत नाही, तो ज्याने कुलूप घडवलं त्यानेच द्यायला हवा.

आणि चार टक्क्यांचा हिशेबही आता जुना होत चाललाय. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४मध्ये आपले सुमारे ३०,००० सरकारी कॉम्प्युटर मायक्रोसॉफ्टवरून लिबर ऑफिस आणि पुढे लिनक्सवर न्यायचं ठरवलं, फाइलींसाठी नेक्स्टक्लाउड हे स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं क्लाउड घेतलं. असं गिऱ्हाईक दारात आल्यावर "ब्राउझर वापरा" म्हणून चालणार नाही.

तोवर आमच्यासारख्यांनी काय करायचं? लिनक्सचं ॲप देणाऱ्या सेवा आहेत: न्यूझीलंडची मेगा, जर्मनीची फायलेन, स्पेनची इंटर्नएक्स्ट, ट्रेसोरिट. पीक्लाउडचंही ॲप आहे, पण तिथे कुलपाचे पैसे वेगळे मोजावे लागतात. स्वतःचा सर्व्हर चालवायची हौस असेल तर नेक्स्टक्लाउड, क्लाउडच नको आणि फक्त आपलीच दोन मशीनं जुळवायची असतील तर सिंकथिंग. मात्र लिनक्सचं ॲप आहे म्हणजे कुलूप चांगलं, असं समीकरण मांडू नका. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२मध्ये मेगाच्या कुलपात गंभीर खोट दाखवली होती. तिथल्याच संशोधकांनी २०२४मध्ये आणखी पाच सेवा तपासल्या, त्यात पीक्लाउड आणि ट्रेसोरिटही होत्या. बहुतेकांत मोठी भगदाडं निघाली. ट्रेसोरिट त्यातल्या त्यात बरी ठरली.

ताईसाठी शेवटी मी क्रिप्टोमेटर लावलं. हे जर्मनीत तयार झालेलं, खुल्या कोडचं साधन क्लाउड नव्हेच, नुसतं कुलूप आहे. तुमच्या मशीनवर एक तिजोरी करायची, फाइली तिच्यात टाकायच्या, आणि ती कुलूपबंद तिजोरी कुठल्याही क्लाउडच्या फोल्डरमध्ये ठेवायची. क्लाउड गिरणीवाल्याचा असला तरी त्याच्या हाती शिवलेलं पार्सलच पडतं. प्रत्येक फाइल वेगळी कुलूपबंद होते, त्यामुळे एक कैफियत बदलली तर तेवढीच वर जाते. लिनक्स, विंडोज, मॅक, फोन, सगळीकडे चालतं. तोटाही आहे: दोघांनी एकाच वेळी एक फाइल उघडली तर दोन प्रती होतात, आणि एखादंच फोल्डर पक्षकाराला लिंक पाठवून दाखवणं जमत नाही. त्यासाठी ताईने जुन्या सेवेची वर्गणी संपेपर्यंत ठेवली आहे, ब्राउझरमधूनच.

क्रिप्टोमेटरच्या माहितीत एक वाक्य मला सापडलं तेव्हा मी खुर्चीत उठून बसलो. कुलूप लावण्याआधी प्रत्येक नाव ते एकाच ठरावीक रूपात, म्हणजे अक्षरं जोडलेल्या रूपात आणतं. फोडलेला "ऱ" आला तरी तो एकसंध होऊनच आत जातो. मी ताईची दोन्ही फोल्डरं एकामागोमाग तिजोरीत टाकली. दुसऱ्या वेळी विचारणा आली: "पायऱ्या" आधीच आहे, एकत्र करू का? हो म्हटलं. एक फोल्डर, तेवीस फोटो.

तिजोरी केल्यावर पासवर्ड विसरला तर उघडायची किल्ली म्हणून संगणकाने शब्दांची एक लांबलचक माळ दिली. ताईला मी सांगितलं की पासवर्ड आणि ही माळ दोन्ही हरवलं तर कुणीही, अगदी कुणीही, हे उघडून देणार नाही. तिने ती माळ फूलस्केपवर स्वतःच्या अक्षरात उतरवून काढली, दोनदा ताडून पाहिली, खाली तारीख टाकून सही केली. पाकीट आता तिच्या बँकेच्या लॉकरमध्ये आहे, घराच्या खरेदीखताखाली.